सामायिक गोबरगॅस जाळ्यासाठी वाडीतल्या प्रेरिकांना नेमके काय शिकवायचे?

आपल्या पत्रातील प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळ तालुक्यातील आपल्या ग्रामसंघाने लागून असलेल्या तीन वाड्यांसाठी एकच मोठे गोबरगॅस संयंत्र बांधून तिथून पाइपने घरोघर गॅस देण्याचे मनावर घेतले आहे. डेन्मार्कमध्ये गावेच्या गावे एकाच केंद्रातून येणाऱ्या गरम पाण्यावर आपली घरे उबदार ठेवतात, हे वाचून ही कल्पना पुढे आली. आता बचत गटांतील १२ महिलांना प्रेरिका म्हणून तीन दिवसांचे प्रशिक्षण देऊन घरोघरी प्रचाराला पाठवायचे आहे. त्यांना काय शिकवावे, निवड कशी करावी, मानधन कसे ठरवावे आणि माहितीपत्रकात काय असावे, असे आपण विचारले आहे.

गेली अनेक वर्षे रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील गावांमध्ये अशा कामांसाठी माणसे तयार करत आल्यामुळे माझे एक मत पक्के झाले आहे. सामायिक जाळ्याच्या प्रेरिकेला पटवून देण्याची कला शिकवण्यापेक्षा हिशेब आणि अडचणी शिकवाव्यात. एखाद्याला निर्धूर चूल घ्यायला लावायची असेल तर त्या एका घराचे समाधान झाले की काम होते. सामायिक जाळ्यात मात्र प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे बघत असते. गोबरगॅस चांगला की वाईट यावर वाडीत वाद क्वचितच होतो. वाद होतो तो कष्ट आणि पैसा कोणाच्या वाट्याला किती, यावर. कोणत्याही वाडीत पहिल्या बैठकीत मागच्या रांगेतून येणारा प्रश्न जवळपास ठरलेला असतो : ‘गॅस येतलो, पण शेण कोण ओततलो?’ या प्रश्नाला ज्या प्रेरिकेकडे नेमके उत्तर आहे तिला भाषण करावे लागत नाही, आणि जिच्याकडे ते नाही तिचे भाषण कोणी ऐकत नाही.

डेन्मार्कच्या उदाहरणातून काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे आधी स्पष्ट केलेले बरे. तिथे घर उबदार ठेवणे ही हिवाळ्यात जगण्याची गरज आहे. कोकणात त्याची गरज नाही, आपल्याला आच हवी ती स्वयंपाकाला आणि आंघोळीच्या पाण्याला. तिथे गरम पाणी उष्णतारोधक आवरणाच्या नळांतून फिरते, आपल्याकडे गॅस फिरणार. त्यामुळे तिथले तंत्र इथे उपयोगाचे नाही. उपयोगाची आहे ती तिथली व्यवस्था. १९७३ च्या तेलसंकटात होरपळल्यानंतर त्या देशाने १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा स्वतंत्र कायदा केला, आणि आज तिथली सुमारे दोन-तृतीयांश घरे अशा सामायिक जाळ्यांना जोडलेली आहेत. यातली बरीच केंद्रे ग्राहकांच्याच सहकारी संस्थांची आहेत आणि पुरवठ्याच्या खर्चापलीकडे नफा काढण्याची त्यांना मुभा नाही. साम्सो नावाच्या सुमारे चार हजार वस्तीच्या बेटाची १९९७ मध्ये पूर्णपणे अक्षय ऊर्जेवर जाण्यासाठी निवड झाली, तेव्हा तिथे शेतातला पेंढा जाळून घरे तापवणारी सामायिक केंद्रे उभी राहिली. लोकांना जोडून घेण्याचे काम केले ते सोरेन हर्मान्सन या तिथल्याच शेतकऱ्याच्या शिक्षक असलेल्या मुलाने. बाहेरचा तज्ज्ञ येऊन सांगतो त्यापेक्षा आपल्या शाळेतला मास्तर सांगतो तेव्हा लोक वेगळे ऐकतात, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे काम सुरू होण्याआधी नाव नोंदवणाऱ्याला जोडणी अगदी नाममात्र शुल्कात मिळत होती आणि मागाहून येणाऱ्याला ती महाग पडत होती. आधी येणाऱ्याचा फायदा नियमातच लिहिलेला असला की तो वेगळा पटवून द्यावा लागत नाही. आपल्या प्रेरिकांना डेन्मार्कची गोष्ट सांगायची असेल तर एवढीच सांगावी. बर्फाची छायाचित्रे दाखवली की वाडीतली माणसे आदराने बघतात आणि ‘हे आपल्यासाठी नव्हे’ असे मनाशी म्हणून घरी जातात.

आता हिशेबाकडे येतो, कारण प्रशिक्षणाचा निम्मा वेळ मी त्यालाच देतो. साधारण २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. पाच माणसांच्या घराच्या स्वयंपाकाला दिवसाला सव्वा ते दीड घनमीटर लागतो, म्हणजे ३० ते ४० किलो शेण. एक घनमीटर गॅस म्हणजे जवळजवळ ४५० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. हे तीन आकडे प्रत्येक प्रेरिकेला पाठ असावेत आणि त्यांवरून तिला स्वतःला गुणाकार करता यावा. छापील तक्ता हातात दिला की तक्त्याबाहेरचा प्रश्न आला की ती अडते.

पुढचा भाग वर्गात होत नाही. पहाटे गोठ्यात जाऊन ताणकाट्याला घमेले अडकवून शेण मोजायचे असते. घाटावरच्या पुस्तकात जनावरामागे दहा किलो शेण धरलेले असते, पण आपली कोकण कपिला गाय लहान चणीची. शिवाय ती दिवसभर डोंगरात चरत असल्यामुळे गोठ्यात पडते ते फक्त रात्रीचे शेण. काटा बहुधा चार-पाच किलोंवर थांबतो. गोठ्यात बांधून वैरण खाणाऱ्या संकरित गाईचे शेण दुप्पट-तिप्पट भरते, पण अशा गाई वाडीत किती घरांकडे आहेत हेही मोजूनच कळते. दुसरी गोष्ट काट्यापाशी उभे राहिल्यावरच लक्षात येते. आपल्याकडे गोठ्यात पातेरा, म्हणजे वाळलेला पाला, अंथरण्याची पद्धत आहे. तो शेणात कालवलेला असतो आणि घमेल्याचे वजन वाढवतो, पण टाकीत गेला की वर तरंगून त्याचा जाड थर धरतो आणि काही महिन्यांत गॅस अडतो. त्यामुळे ‘शेण द्या’ एवढे सांगून भागत नाही. पातेऱ्याशिवायचे शेण वेगळे काढावे लागेल, म्हणजे सकाळच्या कामात थोडी भर पडेल, हे ज्या बाईला ते काम करायचे आहे तिला आधी सांगावे लागते. मोजणी एकदा हिवाळ्यात आणि एकदा मे महिन्यात करावी. भातकापणीनंतर गुरे मोकळी सुटतात, कित्येक रात्री गोठ्याकडे फिरकत नाहीत, आणि उन्हाळ्यातला आकडा हिवाळ्याच्या आकड्यापेक्षा बराच खाली येतो.

समजा तीन वाड्यांत मिळून ६० जनावरे आहेत आणि प्रत्येकी पाच किलो शेण हाती लागते. दिवसाचे ३०० किलो म्हणजे १२ घनमीटर गॅस, म्हणजेच साडेपाच किलोच्या आसपास सिलिंडरचा गॅस, महिन्याला साधारण ११ सिलिंडर. ऐकायला बरे वाटते. पण घरांच्या भाषेत हा गॅस आठ-नऊ घरांच्या पूर्ण स्वयंपाकाचा आहे आणि आपल्या तीन वाड्यांत घरे त्याच्या कितीतरी पट असतील. हा आकडा बैठकीआधी प्रेरिकांच्या हाती यायला हवा. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पुरा गावी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने सामूहिक गोबरगॅसचा जो प्रयोग केला त्यात सुरुवातीचा हेतू स्वयंपाकाचाच होता, पण गॅस सगळ्या घरांना पुरेना. शेवटी १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून गावाला नळाचे पाणी आणि दिवे देण्यात आले, शेण आणून देणाऱ्याला मोबदला आणि स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरणारे पातळ शेण, परत देण्याची पद्धत बसली, आणि लोक टिकले. याउलट गुजरातेत सिद्धपूरजवळच्या मेथाण गावात सहकारी संस्थेमार्फत पाइपने घरोघर स्वयंपाकाचा गॅस दीर्घकाळ दिला गेला. तो दुधाचा मुलूख आहे, दारात बांधलेल्या म्हशी आहेत, शेण भरपूर आहे. प्रेरिकांना ही दोन्ही गावे सांगावीत आणि आपली वाडी यांपैकी कोणाच्या जवळची आहे हे त्यांनाच काट्यावरून ठरवू द्यावे. कोणी म्हणेल की काजूची बोंडे आहेत, हॉटेलचे खरकटे आहे, मासळीचा टाकाऊ भाग आहे. हे सगळे चालते, पण बोंडे मार्च ते मे एवढीच असतात आणि आंबट असल्यामुळे एकदम जास्त घातली तर टाकी बिघडून गॅस थांबतो. त्यांना पूरक म्हणून धरावे, भरवशाचे म्हणून नव्हे.

आंघोळीच्या पाण्याचा हिशेबही इथेच करून घ्यावा, कारण डेन्मार्कचे गरम पाणी ऐकल्यावर पहिली मागणी तीच येते. एका माणसाची २० लिटरची बादली कोमट करायला ढोबळमानाने ०.१७ घनमीटर गॅस जातो. पाच माणसांचे झाले ०.८५ घनमीटर, म्हणजे स्वयंपाकाच्या निम्म्याहून अधिक. न्हाणीघरातले पाणी तापवायचे भाणे या गॅसवर ठेवले तर घरांची संख्या लगेच घटते. म्हणून प्रेरिकेने ‘लाकूडफाटा बंद होईल’ असे कधीही म्हणू नये. स्वयंपाकघरातला धूर जाईल, न्हाणीघराची चूल राहील, असे सांगावे. लाकूडफाटा आणायला डोंगरात जाणाऱ्या बायका ही तडजोड सहज मान्य करतात. फसवणूक मान्य करत नाहीत.

निवडीबद्दल. चांगले बोलणारी व्यक्ती निवडण्याचा मोह होतो, तो टाळावा. वाडीतल्या प्रत्येक घराच्या पडवीपर्यंत नव्हे, चुलीपर्यंत जिला कोणी अडवत नाही अशी बाई शोधावी. बहुतेक वेळा ती बचत गटाचे हप्ते गोळा करणारी असते, कारण कोणाचा हप्ता कोणत्या महिन्यात अडतो हे तिला माहीत असते आणि ते ती चारचौघांत बोलत नाही. आशाताईंना यात ओढू नये. त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. आपण १२ महिला म्हणता, मी आठ महिला आणि चार पुरुष सुचवेन. ते चार पुरुष म्हणजे वाडीतले गवंडी, प्लंबर, पंप दुरुस्त करणारा असे हाताने काम करणारे असावेत. उद्या पाइप गळला तर लोक त्यांनाच हाक मारणार आहेत, आणि ज्याला हाक मारायची त्याने आधीच ‘मी बघेन’ म्हटलेले असले की लोकांचा धीर वाढतो. आणखी एक अट मी नेहमी घालतो : प्रेरिकेचे स्वतःचे घर जोडणीच्या यादीत असावे आणि तिने आपली वर्गणी भरलेली असावी. तिचे घर पाइपच्या टप्प्यात येत नसेल तर तिने शेजारच्या वाडीत प्रचाराला जाऊ नये.

आपल्या वाड्या बहुधा एकेका भावकीच्या किंवा एकेका समाजाच्या असतात, हे लक्षात घेऊन प्रत्येक वाडीतून किमान दोघी घ्याव्यात. एका वाडीच्या प्रेरिकेने दुसऱ्या वाडीत जाऊन ‘तुमचे शेण आमच्या टाकीत आणा’ असे म्हणण्यात जो सूर लागतो तो कोणत्याही प्रशिक्षणाने जात नाही. संयंत्राची जागा कोणत्या वाडीत असेल हे ठरेपर्यंत घरोघरी जाणेच सुरू करू नये, असेही मी म्हणेन.

जागेचा विषय निघालाच आहे तर सातबाऱ्याकडे वळू. कोकणात एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असणे नवलाचे नाही, आणि त्यांपैकी निम्मी मुंबईत, ठाण्यात, नालासोपाऱ्यात असतात. पडीक दिसणाऱ्या जमिनीवर टाकी बांधायला घेतली, की गणपतीला आलेला चुलतभाऊ गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उभा राहून विचारतो की हे कोणाला विचारून केले. पाइपची चारी एका आगरातून दुसऱ्या आगरात जाते तेव्हा हाच प्रश्न प्रत्येक गडग्यापाशी येतो. त्यामुळे प्रशिक्षणाची एक पूर्ण दुपार सातबारा वाचण्याला द्यावी : नावे कोणाची, इतर हक्कांच्या रकान्यात काय आहे, मयत नावांचे वारस लागले आहेत का. प्रत्येक प्रेरिकेने आपल्या पट्ट्यातल्या सहहिस्सेदारांची यादी करावी आणि कोणाचा फोन कोणाकडे आहे ते लिहावे. शक्य असेल तर टाकी ग्रामपंचायतीच्या जागेवर घ्यावी आणि ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा. पाइपसाठी मात्र लेखी संमती प्रत्येकाची लागेल. संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदवायची की ग्रामसंघाच्याच छत्राखाली ठेवायची, हा निर्णय संमत्या हाती आल्यावर घेतला तरी चालतो.

यातूनच वेळापत्रक ठरते. घरातल्या मोठ्या खर्चाचा निर्णय कित्येक घरांत मुंबईहून फोनवर होतो. सासूबाई हो म्हणाल्या म्हणजे घर हो म्हणाले असे होत नाही. म्हणून निवड आणि प्रशिक्षण दिवाळीनंतर, पहिली मोजणी हिवाळ्यात, दुसरी मोजणी मे महिन्यात आणि निर्णयाची बैठकही चाकरमानी घरी असतात त्या मे महिन्यात, असा क्रम मी धरतो. पावसाळा संमत्या आणि वर्गणीला द्यावा. प्रत्यक्ष खोदाई पुढच्या दिवाळीनंतर, म्हणजे जांभ्यातली चारी कोरडी असताना. घाई करून एप्रिलमध्ये खड्डा घेतला आणि टाकी रिकामी असताना पाऊस लागला, तर भूजल वर येऊन रिकाम्या टाकीवर खालून दाब पडतो आणि बांधकामाला तडे जातात. मृगापूर्वी टाकी भरलेली असली पाहिजे.

टाकी भरणे ही लोकांच्या सहनशीलतेची कसोटी असते. तीनशे किलो शेणात तेवढेच पाणी मिसळून रोज घालायचे आणि ते टाकीत साधारण ४० दिवस राहील असे धरायचे, तर टाकीचे पोट २४ घनमीटरचे होते. ते पहिल्यांदा भरायला १२ टन शेण लागते. रोज ३०० किलोप्रमाणे चाळीस दिवस सगळ्यांनी शेण आणायचे आणि त्या काळात कोणाच्याही शेगडीवर धड ज्योत नाही. पहिल्यांदा येणारा गॅस बऱ्याचदा पेटतही नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. या दिवसांत वाडीत कुजबुज सुरू होते. हे चाळीस दिवस प्रेरिकेने पहिल्याच भेटीत सांगितलेले असतील तर ती कुजबुज तिच्यापर्यंत येते. सांगितलेले नसतील तर तिला टाळून होते.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी सर्वांना बंद पडलेले संयंत्र दाखवायला नेतो. आपल्या जिल्ह्यात ती शोधायला लांब जावे लागत नाही. गंजून पडलेला लोखंडी घुमट किंवा पालापाचोळ्याने भरलेला प्रवेशकुंड जवळच्या कुठल्यातरी परसात असतोच. मालकाला विनंती करून त्यालाच बोलते करावे. कोणी सांगते की गुरे विकली आणि पॉवर टिलर घेतला, कोणी सांगते की मुलगा मुंबईला गेला आणि ओतायला कोणी उरले नाही, कोणाची सून म्हणते की पावसात ज्योत भकभकायची आणि दुरुस्तीला येतो म्हणणारा आलाच नाही. ही कारणे प्रत्येकीने आपल्या वहीत उतरवावीत, कारण हीच वाक्ये तिला पुढे घरोघरी ऐकायची आहेत. दुसऱ्या दिवशी चालू संयंत्र पाहावे. सिंधुदुर्गात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने घरगुती गोबरगॅसचे काम मोठ्या प्रमाणावर केले आहे, त्यामुळे वर्षानुवर्षे गॅस वापरणारी घरे पाहायला मिळणे कठीण नाही. चालू संयंत्र आधी दाखवले तर माणसे खूश होऊन येतात आणि पहिल्या खोचक प्रश्नाला गप्प होतात. क्रम उलटा ठेवला की त्या स्वतःच खोचक प्रश्न घेऊन चालू संयंत्रापाशी जातात.

त्या भकभकणाऱ्या ज्योतीचे कारण प्रेरिकांना हाताने करून दाखवावे. टाकीतून निघणारा गॅस ओलसर असतो; जमिनीखालच्या गार पाइपमध्ये त्याची वाफ पाणी होऊन साचते आणि वाटेत जिथे पाइपला झोळ पडला असेल तिथे गॅसची वाट अडते. कोकणातल्या चढउतारावर असे झोळ बरेच येतात. म्हणून पाइपला सलग उतार देऊन प्रत्येक सखल जागी पाणी काढायचा सापळा आणि त्याला तोटी बसवायची असते. ती तोटी कोणाच्या परसात आहे, ती कोण उघडणार आणि पावसाळ्यात किती वेळा, हे नकाशावर नावानिशी लिहून ठेवावे. दाबासाठी गवंड्याची लेव्हल ट्यूब घ्यावी. पारदर्शक नळीत पाणी भरून तिचा इंग्रजी यू अक्षरासारखा आकार करायचा, एक तोंड गॅसच्या नळाला लावायचे आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक पट्टीने मोजायचा. तरंगत्या घुमटाच्या संयंत्रात हा फरक आठ-दहा सेंटिमीटर असतो, तर सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून सुमारे तीस सेंटिमीटर दाब येतो. एवढे स्वतः पाहिल्यावर दोन प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात : सिलिंडरची शेगडी तशीच का चालत नाही, आणि टेकाडावरच्या शेवटच्या घरापर्यंत पाइप ओढायला तंत्रज्ञ का कचरतात. ‘आमचं घर का वगळलं’ हा प्रश्न भावकीच्या राजकारणाचा न राहता पट्टीवरच्या सेंटिमीटरचा होतो, आणि ते वाडीच्या शांततेसाठी फार उपयोगी असते.

सुरक्षिततेचे नियम थोडे पण सक्तीचे आहेत. गळती साबणाच्या फेसाने शोधायची, काडी पेटवून कधीच नाही. कुजक्या अंड्यासारखा वास आला की आधी खिडक्या उघडायच्या, मग तोटी बंद करायची. आणि टाकीत किंवा स्लरीच्या बंदिस्त कुंडात, कोणतीही वस्तू पडली तरी आणि कोणीही माणूस पडला तरी, उडी मारून उतरायचे नाही. अशा कुंडांत एकामागोमाग वाचवायला उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या घटना देशात वारंवार घडतात. हा नियम प्रत्येकीकडून तोंडी म्हणवून घ्यावा.

स्लरीचा वाटा हा वाद वर्षभराने उफाळतो, म्हणून तो आधी मिटवावा. आज जे शेण खताच्या खड्ड्यात जाते ते माडाच्या, पोफळीच्या, कलमांच्या मुळाशी जाते. गॅससाठी दिले की आपले खत गेले असे घरातल्या म्हाताऱ्यांना वाटते आणि ते चूक नाही. स्लरीचे खत चांगले असते, पण ते पातळ असते, गडग्यांवरून डोंगरउतारावरच्या बागेत न्यायला जड असते आणि पावसाळ्यात सुकत नाही. जितके शेण तितकी स्लरी, ती जवळच्या माडांच्या अळ्यांत किंवा गोठ्यातून काढून टाकलेल्या पातेऱ्यावर ओतून खत करायचे, आणि ज्याला ती नको असेल त्याला तेवढ्या स्लरीचे पैसे, असा नियम लेखी असावा. शेणाचा मोबदला वेगळा आणि गॅसचे बिल वेगळे ठेवावे. ‘शेण देतो, गॅस घेतो, हिशेब फिट्टंफाट’ ही पद्धत सोपी वाटते, पण जनावरे नसलेल्या घराला त्यात जागा राहत नाही आणि जास्त जनावरे असलेल्याला आपण इतरांना पोसतो असे वाटू लागते.

गणपतीचा प्रश्न कोणीतरी विचारेलच, न विचारला तर प्रेरिकेनेच काढावा. एरवी तीन माणसांच्या घरात त्या दिवसांत पंधरा माणसे असतात, सगळ्या घरांत एकाच वेळी मोदकांचे पातेले चढलेले असते, आणि टाकी मात्र रोजच्याएवढाच गॅस देते. त्या आठवड्यासाठी प्रत्येक घरात भरलेला सिलिंडर असावा आणि सामायिक गॅसच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, असे स्पष्ट सांगावे. सिलिंडर परत करायचा नाही हे ऐकून लोकांची निम्मी भीती जाते.

मानधनाबद्दल माझा आग्रह आहे की नोंदवलेल्या घरांच्या संख्येवर पैसे देऊ नयेत. ‘जोडणीमागे इतके रुपये’ असे ठरले की प्रेरिका नकळत होकार गोळा करू लागते आणि अडचणी वहीत येईनाशा होतात. पूर्ण झालेल्या भेटीवर मानधन द्यावे. भेट पूर्ण म्हणजे घरातली माणसे, जनावरे, मोजलेले शेण, पाइप कुठून जाईल आणि त्या घराची शंका त्यांच्याच शब्दांत लिहिलेली असणे. ठाम नकार नोंदवून आणणाऱ्या भेटीचे पैसेही तेवढेच. दर पंधरवड्याला या वह्या एकत्र वाचाव्यात आणि ज्या शंकेचे उत्तर बैठकीत कोणाकडेच नाही ती तंत्रज्ञाकडे किंवा पंचायत समितीकडे पाठवून, उत्तर घेऊन त्याच प्रेरिकेने त्याच घरी परत जावे. ‘विचारून सांगते’ म्हणून खरेच परत येणारी व्यक्ती गावात विरळ असते, त्यामुळे ही दुसरी भेट पहिल्या भेटीहून जास्त काम करते. अनुदानाबाबत मात्र कोणीही काहीही बोलू नये. २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोबरधन योजनेत स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत तरतूद करण्यात आली, पण ती संपूर्ण जिल्ह्यासाठी, आणि आपल्या गावाला मंजुरीचे पत्र येईपर्यंत तिचा उल्लेख वर्गणी बुडवण्याचे कारण ठरतो.

तीन दिवस सलग प्रशिक्षण पुरेसे आहे का, याचे उत्तर नाही असे आहे. दोन दिवस आधी, मग महिनाभर प्रत्यक्ष मोजणी आणि भेटी, मग पुन्हा एक दिवस, आणि मे महिन्याच्या बैठकीआधी एक दिवस, असे चार दिवस तुकड्यांनी घ्यावेत. खर्च फारसा वाढत नाही, कारण निवासाची गरज राहत नाही. सकाळची कामे आटोपून दहाला यावे आणि गुरे परतायच्या आत घरी जावे, अशा वेळा ठेवल्या तरच बायका पूर्ण वेळ बसतात. शेवटच्या दिवशी वाडीतले सर्वांत अवघड दोघे-तिघे प्रश्न विचारायला मुद्दाम बोलवावेत, त्यांना चहा-नाश्ता द्यावा आणि प्रेरिकांनी त्यांना उत्तरे द्यावीत. प्रशिक्षकाने त्या वेळी गप्प बसावे.

माहितीपत्रक सर्वांत शेवटी, मे महिन्यातल्या मोजणीनंतर छापावे. त्यात संयंत्राचे रंगीत चित्र नको. किती जनावरे मोजली, किती शेण भरले, त्यातून किती घरांचा स्वयंपाक होईल, कोणती घरे पाइपच्या टप्प्यात येत नाहीत, शेण कोण ओतणार आणि त्याला मजुरी काय, जोडणीची वर्गणी आज किती आणि काम सुरू झाल्यावर किती, स्लरीचा वाटा कसा, गणपतीत काय करायचे, आणि ज्योत भकभकली तर कोणाला फोन करायचा, एवढे एका पानात बसते. मागच्या बाजूला तीन वाड्यांचा हाताने काढलेला नकाशा द्यावा, त्यावर पाइपची रेघ आणि सापळ्यांच्या जागा दाखवाव्यात, आणि प्रत्येक सापळ्याच्या शेजारी तो उघडणाऱ्या घराचे नाव, त्या घराची संमती घेऊन, लिहावे.